केलाँग आणि भागेचे खोरे: लेहच्या वाटेवर थांबणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केलाँग नेमके कोठे आहे?

केलाँग हे हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्याचे मुख्यालय आहे. भागा नदीच्या उजव्या तीरावर, पात्रापासून बऱ्याच उंचीवर, डोंगराच्या उतारावर हे छोटे गाव वसलेले असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,०८० मीटर आहे. मनालीहून लेहला जाणारा महामार्ग गावाच्या वरच्या अंगाने जातो आणि बाजार, बसस्थानक व जुनी घरे त्याच्या खाली उतरत्या वस्तीत आहेत. त्यामुळे केवळ महामार्गावरून गाडी नेणाऱ्या माणसाला केलाँगची छपरे दिसतात, पण केलाँग दिसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्या ३१,५६४ होती आणि क्षेत्रफळ मात्र साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. एवढ्या विरळ वस्तीच्या मुलखात केलाँगसारख्या गावाला शहराचे काम करावे लागते: जिल्हा रुग्णालय, न्यायालय, शाळा, बँक, बस आगार असे सर्व काही येथेच आहे.

केलाँग हा फक्त रात्रीच्या मुक्कामाचा थांबा आहे का?

बहुतेक प्रवासी त्याला तसेच वापरतात. सायंकाळी अंधार पडताना ते पोहोचतात, जेवतात, झोपतात आणि पहाटे चारच्या सुमारास निघून जातात. या प्रथेमुळे दोन प्रकारचे नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक म्हणजे विरळ हवेची सवय होण्यापूर्वीच शरीर पुढच्या खिंडींवर नेले जाते, आणि दुसरे म्हणजे ज्या खोऱ्यात दोन धर्म, दोन नद्या आणि अनेक बोली शतकानुशतके एकत्र नांदल्या आहेत, ते खोरे न पाहताच ओलांडले जाते. म्हणूनच पुढील जवळजवळ प्रत्येक उत्तरात एकच आग्रह निरनिराळ्या कारणांनी येईल: केलाँगमध्ये किंवा जवळपास किमान दोन रात्री राहावे.

मनालीहून केलाँगला किती वेळ लागतो?

अटल बोगद्यामार्गे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे आणि रस्ता मोकळा असल्यास अडीच ते तीन तासांत पोहोचता येते. मनालीपर्यंत येण्यासाठी चंदीगडपर्यंत रेल्वे किंवा विमान आणि तेथून रस्ता, हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. कुल्लूजवळ भुंतर येथे विमानतळ आहे, परंतु अरुंद खोऱ्यातील हवामानामुळे तेथील उड्डाणे ऐन वेळी रद्द होतात, त्यामुळे पुढचे सारे वेळापत्रक त्या एका विमानावर बेतू नये. राज्य परिवहनाच्या बसेस मनाली ते केलाँग धावतात. दिल्लीहून थेट लेहला जाणारी, एक हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापणारी हिमाचल परिवहनाची प्रसिद्ध बसही केलाँग आगाराचीच आहे आणि ती फक्त उन्हाळ्याच्या महिन्यांत चालते.

अटल बोगद्यामुळे येथे काय बदलले?

जवळजवळ सर्वच बदलले, म्हणून या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यावे लागते. ३ ऑक्टोबर २०२० रोजी हा ९.०२ किलोमीटर लांबीचा बोगदा वाहतुकीसाठी खुला झाला. त्यापूर्वी लाहौलमध्ये येण्यासाठी ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे. ती खिंड वर्षातील सुमारे सहा महिने बर्फाखाली असे. त्या काळात खोऱ्यातील माणसांचा उर्वरित देशाशी असलेला संबंध हेलिकॉप्टरच्या मोजक्या फेऱ्यांपुरता उरत असे. आजारी माणसाला खाली नेणे, परीक्षेसाठी बाहेर पडणे, लग्नाचे सामान आणणे या साऱ्या गोष्टी हवामानाच्या मर्जीवर अवलंबून असत आणि नाइलाजाने पायी खिंड ओलांडताना अनेकांनी जीव गमावला आहे. मनाली-लेह अंतर बोगद्यामुळे ४६ किलोमीटरने कमी झाले, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण लाहौलच्या माणसाच्या दृष्टीने किलोमीटरपेक्षा ते सहा महिने परत मिळणे फार मोठे आहे.

याची दुसरी बाजूही प्रवाशाने ध्यानात घ्यावी. बोगद्याच्या उत्तर तोंडाजवळील सिस्सू आणि कोकसर येथे आता मनालीहून एका दिवसाच्या सहलीसाठी येणाऱ्या गाड्यांची दाटी होते. जी गावे कालपर्यंत हिवाळ्यात पूर्ण शांत असत, तेथे आता बर्फात वाहतूककोंडी होते आणि कचऱ्याचा प्रश्न उभा राहिला आहे. केलाँग आणखी पुढे असल्यामुळे तेथे ही गर्दी तुलनेने कमी पोहोचते.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांना केलाँगला येण्यासाठी वा तेथे राहण्यासाठी परवाना लागत नाही. बोगद्यातून जाणाऱ्यांना रोहतांगचा परवानाही लागत नाही. तो परवाना पर्यटक म्हणून गाडीने रोहतांग खिंडीवर जाणाऱ्यांसाठी आहे आणि तो मर्यादित संख्येने ऑनलाइन दिला जातो. ओळखपत्र मात्र प्रत्येकाने जवळ ठेवावे, कारण पुढे दारचा येथे पोलीस चौकीवर वाहनांची नोंद होते.

कोणत्या महिन्यात जावे?

लेहपर्यंत जायचे असल्यास जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ योग्य ठरतो. बारालाचा आणि त्यापुढच्या खिंडींवरील बर्फ हटवून सीमा सडक संघटना साधारणपणे एप्रिलअखेर ते मे महिन्यात रस्ता खुला करते, पण पहिल्या काही आठवड्यांत वितळणाऱ्या बर्फामुळे तो बेभरवशाचा असतो.

लाहौल हा पीर पंजाल रांगेच्या पलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीत संततधार चालू असताना बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी अनेकदा ऊन पडलेले असते आणि हा अनुभव पहिल्यांदा घेणाऱ्याला तो खरा वाटत नाही. तरीही पावसाळ्यातील लाहौल निर्धोक आहे असे समजू नये. जुलै २०२१ मध्ये तोझिंग नाल्याला आलेल्या अचानक पुराने येथे जीवितहानी झाली होती. उघड्या, मातीच्या उतारांवर अल्पकाळ पडलेला जोराचा पाऊसही नाल्यांना पूर आणतो, म्हणून नाल्याच्या पात्रात वा तोंडाशी तंबू ठोकू नये आणि गाडीही उभी करू नये.

आमची स्वतःची निवड विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. त्या वेळी आकाश निवळलेले असते, बटाट्याची काढणी चालू असते आणि नदीकाठची वाळुंजाची झाडे पिवळी पडू लागतात. रात्री मात्र कडाक्याची थंडी असते.

विरळ हवेचा त्रास होईल का आणि तो कसा टाळावा?

कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. तरुण, व्यायाम करणारा, धडधाकट माणूसही त्यातून सुटत नाही. उलट अशा माणसांना स्वतःच्या प्रकृतीवर फाजील विश्वास असल्यामुळे ते घाई करतात आणि अधिक आजारी पडतात. मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर आहे, म्हणजे केलाँगला पोहोचेपर्यंत आपण एका दिवसात हजार मीटर वर आलेले असतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, झोप न लागणे, थोड्या चालण्यानेही थकवा येणे ही या त्रासाची सुरुवातीची लक्षणे आहेत. केलाँगच्या उंचीवर ती बहुधा सौम्य असतात आणि एका दिवसाच्या विश्रांतीने जातात.

डोंगरी प्रवासातील सर्वमान्य नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये. हा नियम समोर ठेवून नकाशा पाहिला की प्रचलित कार्यक्रमांतील मोठी चूक लगेच दिसते. अनेक सहली पहिली रात्र मनालीत किंवा केलाँगमध्ये आणि दुसरी रात्र सरचू येथील तंबूत ठरवतात. सरचूची उंची सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे लेहपेक्षाही जवळजवळ ८०० मीटर अधिक आहे. केलाँगहून एका दिवसात तेथे जाऊन झोपणे हे शरीरावर मोठे ओझे आहे. शिवाय तेथे रुग्णालय नाही, आणि रात्री कोणाची प्रकृती बिघडली तर मागे बारालाचाची ४,८९० मीटर उंच खिंड व पुढे त्याहून उंच खिंडी अशा कोंडीत सापडावे लागते. खाली उतरणे हाच या आजारावरील खरा उपाय असताना दोन्ही बाजूंना आधी वर चढावे लागते, हेच सरचूचे खरे संकट आहे.

म्हणून केलाँगमध्ये किंवा २२ किलोमीटर पुढे असलेल्या जिस्पा येथे दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी हळूहळू चालत एखाद्या गोम्पापर्यंत, म्हणजे बौद्ध मठापर्यंत, चढून जावे, रात्री पुन्हा खाली येऊन झोपावे, भरपूर पाणी प्यावे आणि मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड हे औषध अनेक जण घेतात, परंतु ते निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर त्यांना ती आवर्जून सांगावी. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा सतत खोकला येऊन फेसाळ थुंकी पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि खाली उतरावे. केलाँगहून हे शक्य आहे, कारण बोगद्यातून काही तासांत मनालीला पोहोचता येते.

लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांना नेता येईल का?

केलाँगपर्यंत बहुतेकांना नेता येते, मात्र हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. लेहपर्यंतच्या रस्त्याचा विचार वेगळा करावा. ज्येष्ठांना घेऊन निघालेल्या कुटुंबाने केलाँगलाच गंतव्यस्थान मानून चार दिवस राहावे आणि तेथूनच परतावे. त्यात काही उणे राहत नाही.

तांदीच्या संगमाचे एवढे महत्त्व का आहे?

मराठी माणसाला चंद्रभागा म्हटले की पंढरपूर आठवते. तेथे भीमेलाच तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे चंद्रभागा म्हणतात. लाहौलमधील चंद्रभागा मात्र शब्दशः चंद्रा आणि भागा या दोन नद्यांची मिळून झालेली आहे. दोघींचा उगम बारालाचा खिंडीच्या परिसरात, पण विरुद्ध अंगांना आहे. भागा सूरज तालातून निघून केलाँगवरून खाली येते आणि चंद्रा मोठा वळसा घालून कोकसर व सिस्सूवरून येते. केलाँगच्या अलीकडे सुमारे ८ किलोमीटरवर तांदी येथे त्यांची भेट होते, आणि हीच नदी पुढे जम्मूत व नंतर पाकिस्तानात चिनाब म्हणून ओळखली जाते. ऋग्वेदातील असिक्नी ती हीच.

स्थानिक कथा अशी आहे की चंद्रा ही चंद्राची कन्या आणि भागा हा सूर्याचा पुत्र. दोघांचे एकमेकांवर प्रेम जडले. त्यांनी बारालाचाहून विरुद्ध दिशांना निघून पर्वताला फेरी घालून पुन्हा भेटण्याचे ठरवले. चंद्रा चपळ, म्हणून तांदीला आधी पोहोचली. भागा अरुंद घळींतून धडपडत उशिरा आला. कथा ऐकून नकाशा पाहिला की कथाकाराला दोन्ही प्रवाहांची नेमकी वाट ठाऊक होती हे जाणवते. पांडवांच्या महाप्रस्थानात द्रौपदीने येथे देह ठेवला, अशीही श्रद्धा आहे. लाहौलमधील हिंदू व बौद्ध दोघेही या संगमाला पवित्र मानतात आणि येथे अस्थिविसर्जन करतात, त्यामुळे पाण्याशी छायाचित्रे काढताना कोणाचे विधी चालू नाहीत ना, हे आधी पाहावे. प्रवाह अतिशय वेगवान व थंड आहे, त्यात उतरू नये. संगमाच्या वरच्या डोंगरावर गुरू घंटाल हा लाहौलमधील अतिप्राचीन मानला जाणारा, लाकडी कामाचा गोम्पा असून त्याचा संबंध बौद्ध गुरू पद्मसंभवांशी जोडला जातो.

केलाँगमधील मधल्या दिवशी काय पाहावे?

केलाँगच्या समोर, नदीपलीकडे कारदांग गाव आणि त्याच्यावर कारदांग गोम्पा दिसतो. तिबेटी बौद्ध धर्मातील द्रुक्पा परंपरेचा हा मठ बाराव्या शतकातील मानला जातो आणि मोडकळीस आल्यावर १९१२ मध्ये लामा नोर्बू यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. कारदांग ही एके काळी लाहौलची राजधानी होती. गाडीने तांदीवरून वळसा घालून तेथे जाता येते. चालणाऱ्यांना केलाँगमधून थेट नदीपर्यंत उतरून पूल ओलांडून चढता येते, पण परतीची चढण दमवते आणि ती पहिल्याच दिवशी करू नये. कारदांगच्या गच्चीवरून केलाँग, त्याची पायऱ्यांसारखी शेते आणि वरचा रस्ता एका नजरेत येतो. या गावाचे सर्वांत चांगले दर्शन गावाबाहेरूनच होते.

केलाँगच्या वरच्या उतारावर सतराव्या शतकातील शाशुर गोम्पा आहे. देवा ग्यात्सो या भिक्षूने तो स्थापन केला. तेथे उन्हाळ्यात लामांचे मुखवटानृत्य, म्हणजे छम, होते.

एक संपूर्ण दिवस हाती असेल तर तांदीवरून चंद्रभागेच्या काठाने खाली त्रिलोकनाथ आणि उदयपूरला जावे. त्रिलोकनाथ मंदिरातील संगमरवरी मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर म्हणून पूजतात. पूजा एकाच गाभाऱ्यात, एकाच मूर्तीची होते. ऑगस्टमधील पोरी जत्रेला दोन्ही धर्मांचे लोक येतात. उदयपूरच्या मृकुला देवी मंदिराचे बाह्यरूप साधे आहे, पण आतील लाकडी छतावर व तुळयांवर रामायण-महाभारतातील प्रसंगांचे कोरीवकाम आहे. आत प्रकाश कमी असतो, म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबावे. घाईने बाहेर पडणाऱ्याला तेथे काहीच दिसत नाही.

येथील लोक काय पिकवतात आणि येथून काय विकत घ्यावे?

वर्षातून एकच पीक निघते आणि ते हिमनद्यांच्या पाण्यावर, ‘कूल’ म्हटल्या जाणाऱ्या पाटांनी भिजवले जाते. पूर्वी जव आणि कुट्टू (बकव्हीट) ही मुख्य पिके होती. आता बियाण्याचा बटाटा, वाटाणा आणि फ्लॉवर यांनी त्यांची जागा घेतली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलाँगमध्ये आलेल्या मोरावियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी येथे बटाट्याची लागवड आणि विणकाम रुजवले असे मानले जाते. त्या विणकामाचीच परंपरा असलेल्या लाहौली लोकरी मोज्यांना व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ते बाजारात स्वतः विणणाऱ्या बायकांकडून घ्यावेत आणि भावात घासाघीस करू नये, कारण एका जोडीमागे कित्येक दिवसांचे काम असते. छरमा या काटेरी झुडपाच्या आंबट नारिंगी फळांचा रसही येथे मिळतो.

पेट्रोल, पैसे आणि मोबाइल यांची व्यवस्था कशी आहे?

मनालीहून येताना तांदीचा पेट्रोलपंप केलाँगच्या आधी लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, असे सांगणारा तेथील फलक वर्षानुवर्षे प्रवाशांच्या छायाचित्रांत दिसत आला आहे. टाकी तेथेच पूर्ण भरावी. ‘पुढे पाहू’ असे म्हणून केलाँगपर्यंत आल्यावर मागे फिरावे लागते. केलाँगमध्ये एटीएम आहे, पण त्यातील रोकड किंवा जोडणी संपल्यास दुसरा पर्याय नसतो, म्हणून रोख पैसे मनालीतूनच न्यावेत. मोबाइल केलाँगमध्ये चालतो. दारचाच्या पुढे मात्र तो दीर्घ अंतर बंद राहतो, हे घरी आधीच कळवून ठेवावे, म्हणजे मागे राहिलेल्यांना विनाकारण काळजी वाटणार नाही.

हिवाळ्यात केलाँगला जाता येते का?

बोगद्यामुळे जाता येते, परंतु बोगद्यानंतरचा रस्ता हिमस्खलनाच्या पट्ट्यांतून जातो आणि मोठ्या हिमवर्षावानंतर तो काही दिवस बंद राहू शकतो. पाण्याचे नळ गोठतात आणि अनेक हॉटेले बंद असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हालडा, लोसर, फागळी असे सण वेगवेगळ्या भागांत साजरे होतात. त्या काळात देवता स्वर्गात गेलेल्या असतात आणि गावात गोंगाट होऊ नये, अशी काही गावांची श्रद्धा असल्यामुळे तेथील ग्रामस्थ त्या दिवसांत पर्यटन बंद ठेवतात. हा त्यांचा अधिकार आहे आणि पाहुण्याने त्याविषयी कुरकुर करू नये.

केलाँगहून झांस्कर किंवा स्पितीला जाता येते का?

होय. दारचाहून ५,०९१ मीटर उंचीच्या शिंकू ला खिंडीवरून झांस्करमधील पदुमला रस्ता जातो. तेथे सुमारे ४.१ किलोमीटरच्या बोगद्याच्या कामास जुलै २०२४ मध्ये प्रारंभ झाला. स्पितीसाठी मात्र मागे ग्रांफूपर्यंत येऊन कुंझुम खिंडीकडे वळावे लागते.

लेहकडे निघताना किती वाजता निघावे?

सूर्योदयापूर्वी. लेह अजून सुमारे ३६० किलोमीटर दूर असते आणि वाटेत बारालाचा, नकी ला, लाचुलुंग ला व ५,३२८ मीटरची तंगलंग ला अशा चार उंच खिंडी येतात. लवकर निघण्याचे दुसरे कारण पाणी हे आहे. दिवसाच्या उन्हाने बर्फ वितळते आणि रस्ता ओलांडणारे नाले दुपारनंतर फुगतात; सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी सायंकाळी गाडी अडवते. जिस्पात मुक्काम असल्यास तासभर वाचतो. आदल्या रात्री पोलीस चौकीत किंवा हॉटेलात रस्त्याची स्थिती विचारून घ्यावी, गाडीत पाणी, कोरडा खाऊ आणि प्रत्येकासाठी एक गरम पांघरूण ठेवावे. सोबतच्या कोणाचेही डोके रात्रभर दुखत असेल, तर त्या दिवशी निघूच नये आणि केलाँगमध्ये तिसरी रात्र काढावी.